बघण्यासारखं ठिकाण

पैज लागली तेव्हा गोकुळच्या हातात कलिंगडाची फोड होती, अप्पांच्या हातात चहाची बशी होती, आणि दोघांच्याही मनात काही काळंबेरं नव्हतं. म्हणजे गोकुळच्या तरी नव्हतं. अप्पांचं आत्ताच सांगता येत न्हाय, ते पुढं बघू.

सत्त्याण्णव सालचा मार्च महिना. जळोचीत दोघांची घरं बांधाला बांध लावून. अप्पांनी कॅनॉलवर तीस वर्षं पाटकरी म्हणून पाणी वाटलं आणि आता पेन्शनीत बसले. थोरला बुद्धघोष पुण्याला बँकेत, त्यामुळं घरात दोन वर्तमानपत्रं यायची आणि अप्पा दोन्ही पार जाहिरातींसकट वाचायचे. त्या दिवशी त्यांनी आपल्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं, की बारामतीच्या एष्टी स्टँडापाशी दिवाळीत जे पर्यटन माहिती केंद्र उघडलं, तितं लांबलांबची लोकं येऊन सहली ठरवून घ्यायला लागलीत.

गोकुळ इतका हसला की कलिंगडाच्या बिया अप्पांच्या धोतरावर उडाल्या.

"सहल? हितं? लोकं महाबळेश्वरला जात्यात, गोव्याला जात्यात. हितं काय बघणार, ऊस?"

"काही का बघंनात. येत्यात खरी."

"अप्पा, सत्तेचाळीस वरसं झाली मला ह्या मातीत. बारामती म्हणा, इंदापूर म्हणा, असा एक बांध न्हाय जो मी बघितला न्हाय. त्या केंद्रानं मला एक, फकस्त एक गोष्ट दावावी जी बघून माझी बोलती बंद हुईल."

"पैज?"

"पैज."

आता गोकुळ कोण, ते सांगायला पायजे. पंचक्रोशीत फसवाफसवीत ह्याचा हात धरणारा कोणी नव्हता. 'उद्या पहाटे कॅनॉलला गरम पाणी सोडणार हायत' असं सांगून त्यानं एका थंडीत सगळी वस्ती बादल्या घेऊन काठावर उभी केली होती. खुद्द पाटकरी अप्पासुद्धा त्यात होते, बादली आणि साबण घेऊन. ती गोष्ट अप्पा विसरले नव्हते. पण गोकुळची एक बाजू सरळ होती. माणसांना फसवायचा, पैजेला कधी खोटं करायचा न्हाय. हरला तर हरला म्हणायचा, आणि ठरलेलं चारचौघांत द्यायचा.

अप्पांनी बशी खाली ठेवली. "जो हरंल त्यानं गुरुवारच्या बाजारात, त्या केंद्राच्या म्होरं, टमाट्याच्या क्रेटवर उभं ऱ्हायाचं. गळ्यात पाटी, 'बघण्यासारखं ठिकाण'. तासभर."

"मंजूर. तुमच्या गळ्यात लई शोभंल पाटी."

"एक अट. गोकुळ म्हणून जायचं न्हाय. वळख लपवायची. परमुलखातला शेतकरी म्हणून जायचं, आन् शेती बघायला आलोय म्हणायचं."

अट ऐकून गोकुळला गुदगुल्याच झाल्या. सोंग घ्यायचं म्हटलं की त्याला जेवण लागत न्हाय. ओट्याच्या कडंला तांदूळ निवडत बसलेल्या केसरबाईंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, सूप तोंडापुढं धरलं. त्या सुपामागं काय चाललंय ते गोकुळनं बघितलं न्हाय. तितंच चुकला.

घरी आला तर म्हाळसा भाकरी थापत होती. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण ही बाई बोलती कमी. गोकुळ घरातलं सगळं बोलणं एकटाच संपवायचा, तिच्यासाठी उरायचं न्हाय.

"शुक्रवारी बापूसाहेब कागद घिऊन यायचाय," तो म्हणाला. "वढ्यापल्याडचा तुकडा दिऊन टाकू. प्लाटिंग करतोय म्हणं."

बापूसाहेब म्हणजे बारामतीतला जमिनीचा दलाल. आणि वढ्यापल्याडचा तुकडा म्हणजे गोकुळच्या मळ्यामागचा अर्धा एकर, निव्वळ चोपण. जमिनीवर मीठ फुटून पांढरा थर यायचा, पाऊस पडला की चिखल, ऊन पडलं की दगड. गोकुळनं तिथं तीनदा पेरलं आणि तिन्हीदा बी वाया गेलं. चौथ्या वर्षी त्यानं बांधावर उभं राहून त्या तुकड्याला शिव्या घातल्या आणि परत तिकडं पाय ठेवणार न्हाय म्हणून सांगितलं. ह्याला झाली सहा वर्षं. रागावला तो रागावलाच, जमिनीवर रुसलेला माणूस तुम्ही बघितला नसंल, तर हा बघा. मधी शेवरीचं दाट कुंपण आणि ओढा, त्यामुळं घरातनं काही दिसायचंही न्हाय.

"इकायच्या आधी एकदा बघून तरी या," म्हाळसा म्हणाली.

"मीठ काय बघायचं? सैपाकात कमी पडलं तर सांग, पोतं भरून आणतो."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. ती हसली न्हाय. भाकरी तव्यावर टाकली आणि बोटं पाण्यात बुडवली. असं तिनं ह्याआधी किती वेळा सांगितलं होतं, आणि त्यानं किती वेळा हसून घालवलं होतं, ते तिलाच माहीत.

दर बुधवारी गोकुळ भाजी घेऊन इंदापूरला जायचा आणि तिथल्या हॉटेलात गप्पा झोडून दिवस मावळताना परतायचा. ह्या बुधवारी त्यानं भाजी गावातल्या रतनच्या टेंपोत घातली, घरात 'इंदापूरला चाललोय' म्हणून सांगितलं, आणि अप्पांच्या गोठ्यात कपडे बदलले. बुद्धघोषच्या लग्नात अप्पांनी शिवलेला सफारी, डोळ्यावर काळा चष्मा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आणि मिशांना एवढं कलप की ओठ काळे पडले. पायात मात्र स्वतःच्याच चपला. अप्पांच्या त्याला बसंनात.

माहिती केंद्र म्हणजे एक टपरीएवढी खोली. भिंतीवर नकाशा, टेबलावर रजिस्टर, आणि टेबलामागं मेघना नावाची कोऱ्हाळ्याची पोरगी, बी.ए. झालेली, वेणी घट्ट आणि बोलणं त्याहून घट्ट.

"नमस्कार बाई," गोकुळनं विदर्भाचा आवाज काढला. हा आवाज त्यानं एका कापूसवाल्याकडनं उचलला होता. "मी अकोल्याकडला. मले इकडली शेती पाहाची हाय. पन असं दाखवा का मानूस थक्क झाला पाहिजे."

मेघनानं वर बघितलंसुद्धा न्हाय. "किती दिवस हायत?"

"एकच."

"जमीन कशी हाय तुमची?"

गोकुळ गडबडला. हे ठरवलंच नव्हतं. तोंडात आलं ते बोलला, "चोपन."

"मग बरोब्बर दिवशी आलाय. बुधवार." तिनं कागदाखाली कार्बन घातला आणि लिहायला लागली. "दहाला गाडी सुटती. आधी इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला, पक्षी बघायचे. मग परत फिरून एक मळा. चोपण सुधारून डाळिंब लावलंय, एका बाईनी. जेवण तितंच. जेवणाआधी पाहुण्यानी थोडं खुरपायचं, अशी त्यांची रीत हाय."

"कुठी हाय हा मळा?"

"जळोचीच्या अंगाला."

गोकुळच्या पोटात हसू मावंना. जळोचीत चोपणावर डाळिंब? कोण बाई? जळोचीतली बाई न् बाई, बांध न् बांध त्याला पाठ. ही पोरगी कागदावर थापा मारतीय, आणि थापाड्याला थाप कळती. गाडी कुठंतरी भलतीकडं नेणार, भाकरी खायला घालणार, झालं. पैज जिंकल्यात जमा. अप्पांच्या गळ्यात पाटी कशी दिसंल, ह्याचा विचार करत तो जीपमध्ये बसला.

आणि तितं त्याच्या पोटातलं हसू जिरलं.

जीपमध्ये आधीच पाच शेतकरी बसले होते. पांढऱ्या फेट्याचा एक म्हातारा जरा सरकला आणि म्हणाला, "या भाऊ, बसा. पोरीनं सांगतलं तुमीबी अकोल्याकडलेच म्हून. कोनतं गाव?"

गोकुळनं आयुष्यात अकोला बघितलेलं नव्हतं.

"बार्शीटाकळीकडं हाय का?" दुसऱ्यानं विचारलं. "माही बहीन तिकडंच देल्ली."

पाच तोंडं त्याच्याकडं वळलेली. ड्रायव्हर आरशातनं बघतोय. गोकुळच्या मानंवरनं घाम ओघळून अप्पांच्या सफारीत शिरला. तेवढ्यात डोकं चाललं. त्यानं कानावर हात ठेवला, मान हलवली आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"ऐकू नाई येत वाटते बिचाऱ्याले," म्हातारा हळहळला. "राहू द्या बाप्पा, तरास नका देऊ."

सुटला. पण आता दिवसभर बहिरं राहायचं होतं, आणि ज्याला घडीभर गप्प बसवत न्हाय त्याला ही शिक्षा काय साधी न्हाय.

उजनीच्या काठावर गाडी थांबली. पाण्यात लांबवर गुलाबी रेघ दिसत होती. ड्रायव्हरनं टाळी वाजवली आणि ती रेघ उठली. शेकड्यांनी लांब मानेचे पक्षी, पंखाखालनं लालभडक, एकदमच हवेत. अकोल्याची माणसं तोंड उघडी टाकून बघत राहिली. गोकुळचं तोंड उघडणार होतं, त्यानं दात आवळले. ह्याच रस्त्यानं तो किती वर्षं येत-जात होता, आणि टेंपोत बसून दरवेळी दुसऱ्या बाजूला बघत कोणाची तरी नक्कल करत होता. मनाला म्हणाला, बगळंच हायत, जरा थोराड. पण मनाला ते पटलं न्हाय. परतीच्या वाटेवर तो खरोखरच कोणाचं ऐकत नव्हता.

गाडी जळोचीच्या रस्त्याला लागली. कॅनॉलचा पूल ओलांडला. डावीकडं वळली.

डावीकडं वळल्यावर चारच घरं लागतात, हे गोकुळला माहीत होतं. पहिलं गेलं. दुसरं गेलं. अप्पांच्या ओट्यावर अप्पा आणि केसरबाई शेजारी-शेजारी बसलेले, सिनेमाला बसल्यासारखे. अप्पांनी गाडीला हात केला.

आणि गाडी गोकुळच्या दारात उभी राहिली.

अंगणात सतरंजी घातलेली. पाण्याच्या कळशा भरून, घासून ठेवलेले तांबे ओळीनं, लाकडी खुंटीला सहा खुरपी लटकवलेली. आणि दारात म्हाळसा, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, पदर खोचून. हे लुगडं ती फकस्त लग्नाकार्याला काढायची.

"या पाव्हणं," ती म्हणाली. "परवास झाला का बरा?"

गोकुळ जीपमधून उतरायचं विसरला. म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरून उतरवला. "बहिरे हायत हे," त्यानं म्हाळसाला सांगितलं.

म्हाळसानं त्याच्याकडं बघितलं. टॉवेल बघितला, चष्मा बघितला, मिशा बघितल्या. मग नजर खाली, चपलांवर गेली. उजव्या चपलेच्या अंगठ्याला टायरचा तुकडा तिनंच मागच्या महिन्यात शिवून घेतला होता. तेवढ्यात कुत्रा, फौजदार नावाचा, शेपूट हलवत आला आणि गोकुळच्या पायावर पाठ टेकून आडवा झाला.

"कुत्र्याले आवडले हे," म्हातारा म्हणाला.

"कुत्र्याला काय," म्हाळसा म्हणाली. "त्याला कोन बी चालतं. बहिरं हायत म्हणता? आरारा. मग मोठ्यानं बोलायला नको, मोकळं बोलता यील."

आणि ती बोलायला लागली. सतरा वर्षांत जेवढी बोलली नव्हती तेवढी बोलली. शेवरीच्या फटीतनं, ओढ्यावरच्या फळीवरनं ती पाहुण्यांना पुढं नेत होती आणि मागं वळून सांगत होती. फळी नवी होती. गोकुळला ही फळी माहीतच नव्हती.

"मालक कुठं असत्यात?" एकानं विचारलं.

"मालक इंदापूरला. हाटेलात."

"त्यायचा हातभार नाई का मग?"

"बोलण्यात लई हुशार हायत. गावाला हसवत्यात. पर त्यांचा आन् ह्या तुकड्याचा अबोला हाय. आता परवा इकायला काढलाय. शुक्रवारी कागद व्हनार. तुमी शेवटचं पाव्हणं म्हणायचं."

हे सांगताना तिचा आवाज जरा बसला. तिनं पदर सारखा केला आणि शेवरीची शेवटची फांदी बाजूला सारली.

गोकुळनं चष्मा काढला.

समोर पांढरं काहीच नव्हतं. सहा वर्षं जे मीठ त्याच्या डोळ्यापुढं होतं, ते नव्हतं. उंच वरंबे, दोन वरंब्यांच्या मधनं खोल चर, चरातनं गढूळ पाण्याची बारीक धार ओढ्याकडं चाललेली. वरंब्यावर डाळिंबाची झाडं, छातीएवढी, आणि फांद्याफांद्यांना लाल फळं, वजनानं वाकलेली, काहींना फाटक्या धोतराच्या चिंध्या गुंडाळलेल्या. ती धोतरंही त्याच्याच बापाची होती. त्यानं डोळे मिटले, उघडले. मागं वळून घराचं छप्पर बघितलं, आपण भलत्याच्या रानात तर न्हाय आलो ना म्हणून. छप्पर त्याचंच होतं, डागडुजी राहिलेलं.

तो वरंब्यावर बसला, सफारीसकट, ओल्या मातीत.

"आधी चर मारलं," म्हाळसा पाहुण्यांना सांगत होती. "खारं पानी भाईर जायला वाट पायजे. उतार आमच्या अप्पांनी धरून दिला, शेजारी हायत, कॅनॉलावर हुते. मग दोन पावसाळं नुसता हिरवळीच्या खताचा धैंचा पेरला आन् गाडला. खार मारायला जिप्सम टाकलं. केसरबाई आन् मी, दोघीच. बुधवारी-बुधवारी."

"बुधवारीच काहून?"

"बुधवारी घरात हसनारं कोन नसतं."

"म्हाळसा, हे कवा केलंस?"

अकोल्याची पाचही माणसं गर्रकन वळली. बहिरा बोलला होता. बोलला तेही चांगलं जळोचीच्या बोलीत. म्हाताऱ्याच्या हातातलं खुरपं पडलं.

"चार वरसं झाली," म्हाळसा म्हणाली. तिला काहीच नवल वाटलेलं दिसलं न्हाय.

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. दरसाल सांगितलं, बघून या म्हणून. तुमी मीठ आणतो म्हणाला."

"बाई," म्हातारा हळूच म्हणाला, "हे तं बहिरे होते ना?"

"सतरा वरसं बहिरंच हुतं," ती म्हणाली. "आज पयल्यांदा ऐकू आलंय."

काहीतरी बोलावं, एखादा विनोद करावा म्हणून गोकुळनं ओठ हलवले, पण आत काही शिल्लकच नव्हतं. म्हाळसानं खुंटीवरचं सहावं खुरपं आणलं होतं, ते त्याच्यापुढं धरलं.

"जेवायच्या आधी एक वरंबा. पाव्हण्यांची रीत हाय."

गोकुळनं खुरपलं. वाईट खुरपलं. अर्ध्या वरंब्यात कंबर धरली. म्हाताऱ्यानं शेजारी बसून त्याला खुरपं कसं तिरकं धरायचं ते शिकवलं. पिठलं-भाकरी वाढताना म्हाळसानं त्याला पाहुण्यांच्या पंगतीत, शेवटच्या पाटावर बसवलं. मीठ हवं का, असं मात्र तिनं त्याला मुद्दाम दोनदा विचारलं.

गाडी गेल्यावर तो तसाच अप्पांच्या ओट्यावर गेला. कलप ओघळून हनुवटीवर आलेला.

"केंद्रानं दावलं," तो म्हणाला. "हरलो."

अप्पांनी पेपर खाली केला. "पाणी गरम हुतं का रं, त्या दिवशी? कॅनॉलचं? तेवढं विचारायचं ऱ्हायलं हुतं."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. बाजार फुललेला, एष्टी स्टँडापाशी पाय ठेवायला जागा न्हाय. माहिती केंद्राच्या दारात टमाट्याचं क्रेट उपडं घातलेलं आणि त्यावर गोकुळ, हात बांधून, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर अप्पांच्या वळणदार अक्षरात 'बघण्यासारखं ठिकाण'. सगळी वस्ती जमली होती. ज्यांना त्यानं बादल्या घेऊन उभं केलं होतं ती सगळी माणसं आज बादल्या घेऊन आली होती, आणि रांगेत येऊन रिकाम्या बादल्या त्याच्या क्रेटपाशी ठेवत होती. एका भाजीवालीनं त्याला सगळ्या बाजूंनी फिरून बघितलं आणि विचारलं, "ह्यात बघण्यासारखं काय हाय?"

"आत चौकशी करा," गोकुळ म्हणाला.

अप्पा घड्याळ धरून स्टुलावर बसले होते. म्हाळसा केसरबाईंच्या शेजारी, हिरव्या लुगड्यात, जरा लांब. ती अजून हसलेली नव्हती. तिला उद्याचा शुक्रवार दिसत होता. गोकुळ घरात पाटीबद्दल बोलला होता, म्हाताऱ्याबद्दल बोलला होता, कागदाबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

अर्धा तास झाला असंल, तेवढ्यात गर्दीतनं बापूसाहेब आला. पांढरे कपडे, काखेत कातडी बॅग. क्रेटपाशी थबकला, पाटी वाचली.

"काय गोकुळराव, नवा धंदा का? बरं, उद्या सकाळी येतो मी कागद घिऊन. तुकडा एकदा मोजून घिऊ."

म्हाळसानं केसरबाईंचा हात धरला.

गोकुळनं बांधलेला हात सोडला आणि मागं केंद्राच्या खिडकीकडं दाखवला.

"चौकशी तितं."

"अरं, जमीन तुझी न्हवं?"

"मला त्यातलं काय म्हाईत न्हाय. मी काल पयल्यांदा बघितली. तितं इचारा."

बापूसाहेब वैतागून खिडकीशी गेला. मेघनानं घट्ट वेणी मागं टाकली आणि रजिस्टर उघडलं. "वढ्यापल्याडचा तुकडा? जळोचीचा?" तिनं खिडकीतनं वाकून गर्दीत बघितलं, म्हाळसाकडं. म्हाळसा क्रेटकडं बघत होती. गोकुळ क्रेटवरनं म्हाळसाकडं बघत होता, आणि त्यानं मान हलवली. बारीकच, पण हलवली.

"तो इकायला न्हाय," मेघना म्हणाली. "बघायला हाय. गाडी बुधवारी, दहाला. नाव लिहू का तुमचं?"

बापूसाहेबानं बॅग ह्या काखेतनं त्या काखेत घेतली. एकदा गोकुळकडं, एकदा पाटीकडं बघितलं, आणि बाजारात दिसेनासा झाला.

म्हाळसाला हसू आलं ते तेव्हा. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की केसरबाईंनी तिला धरलं. गोकुळला वाटलं, झालं, सुटलो. त्यानं एक पाय क्रेटखाली टाकला.

"वर," अप्पा म्हणाले. "पंचवीस मिनटं ऱ्हायलीत."

गोकुळ परत वर चढला आणि पाटी सरळ केली. कोणाची तरी बादली अजून यायचीच होती.